मागे धावपट्टी असताना विमान वावरात का उतरवायचं?

प्रश्न भंडारा जिल्ह्यातल्या एका धान उत्पादक शेतकऱ्याचा आहे. त्यांची मुलगी वैमानिकाचं प्रशिक्षण घेते. सुट्टीत घरी आली तेव्हा ती सहज बोलून गेली की, उडाल्या-उडाल्या इंजिनाची ताकद गेली तर मागे वळायचं नाही, समोर दिसेल त्या वावरात विमान उतरवायचं, असं आम्हाला शिकवतात. तेव्हापासून बापाच्या डोळ्याला डोळा नाही. ते विचारतात, मागे दोन किलोमीटरची डांबरी पट्टी सोडून पोरीला धानाच्या बांधीत उतरायला का सांगतात? बांधीत उतरून माणूस वाचतो का? आणि आमच्या शिवारात असं विमान आलं तर गावानं काय करायचं?

भाऊ, मुलीला बरोबर तेच शिकवलंय. मी स्वतः विदर्भात उड्डाण प्रशिक्षक म्हणून काम केलंय आणि हाच धडा मीही पोरांकडून घोकून घेत आलो. पण नुसतं "बरोबर आहे" म्हटल्यानं तुम्हाला झोप लागणार नाही, म्हणून आकडेमोडीसकट सांगतो.

आधी एक भीती बाजूला ठेवू. अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी झालेल्या अपघातानंतर "उडताच इंजिन गेलं" हे शब्द ऐकले की सगळ्यांना तेच चित्र दिसतं. ते शेकडो टन वजनाचं, इंधनानं भरलेलं प्रवासी विमान होतं आणि पुढे दाट वस्ती होती. तुमची मुलगी उडवते ते विमान दोन किंवा चार आसनांचं, वजनानं साधारण एक टन, आणि जमिनीला टेकताना त्याचा वेग गावच्या रस्त्यावरच्या मोटारीइतका असतो. दोन्हींचा हिशोब एका तराजूत करता येत नाही.

इंजिन बंद पडलं तरी असं विमान लगेच खाली कोसळत नाही. सेस्ना १७२ घ्या, जगभर शिकण्यासाठी सर्वांत जास्त वापरलं गेलेलं विमान. इंजिन पूर्ण बंद असताना ते ६५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेगानं ग्लाइड करतं आणि एक फूट खाली येताना जवळपास नऊ फूट पुढे जातं. जमिनीपासून ५०० फुटांवर असाल तर हाती सुमारे ४० सेकंद आणि सव्वा किलोमीटरच्या वर अंतर असतं, तेही सरळ गेलात तर. पंखांवरून हवा वाहते आहे तोवर विमान तुमच्या ताब्यात आहे. पुढच्या पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं, काम वेग देण्याचं. तो थांबला तर वेग दुसरीकडून आणावा लागतो, आणि ती दुसरी जागा म्हणजे उंची. नाक खाली केलं की उंची खर्चून वेग मिळतो.

पण उडाल्यानंतर लगेच नेमकं उलटं चित्र असतं. नाक वर असतं, वेग बेताचा असतो. चढावर सायकल मारताना पायडल सोडलं की ती दोन हातांत थांबते, सपाटीवर सोडलं तर कितीतरी पुढे जाते. चढणाऱ्या विमानाचं तसंच आहे. ताकद गेली की वेग सेकंदासेकंदाला घटतो, आणि माणसाला काय झालंय ते कळून हात हलेपर्यंत, प्रशिक्षणात आम्ही धरतो त्याप्रमाणे, चार सेकंद जातात. म्हणून पहिली कृती एकच: नाक खाली. घाबरलेल्या माणसाच्या हाताला हे पटत नाही. जमीन जवळ असताना कोणाचाही हात दांडा मागे ओढतो. नेमका तोच ओढा सरावानं मोडायचा असतो. बाकी सगळं त्यानंतर.

आता मागे वळण्याचा हिशोब. लोकांना वाटतं, अर्धं वळण घेतलं की पट्टी समोर. तसं होत नाही. १८० अंश वळल्यावर विमान पट्टीला समांतर येतं, पण पट्टीवर येत नाही. वळणाच्या रुंदीइतकं बाजूला राहतं. पुन्हा पट्टीच्या रेषेत यायला आणखी वळावं लागतं, मग उलट्या बाजूला वळून सरळ व्हावं लागतं. एकूण वळण सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या घरात जातं. ताशी १३० किलोमीटर वेग आणि ४५ अंशांचा झुकाव धरला तरी नुसत्या अर्ध्या वळणाला साडेअकरा सेकंद लागतात आणि वळणाची रुंदी २६० मीटरच्या वर जाते. झुकलेलं विमान सरळ विमानापेक्षा कितीतरी वेगानं खाली येतं, त्यामुळे सुरुवातीचे चार सेकंद, वळण आणि उलटं वळण मिळून ५०० फुटांतला मोठा वाटा त्यातच संपतो. पट्टीपर्यंतचं अंतर अजून कापायचंच असतं.

याहून घातक गोष्ट पंखांची आहे. ज्या वेगाखाली पंख विमानाला पेलत नाहीत त्याला स्टॉलचा वेग म्हणतात. ४५ अंश झुकलात की तो वेग १.१९ पट होतो, ६० अंशांवर १.४१ पट. म्हणजे वळताना जास्त वेग लागतो, आणि घाबरलेला वैमानिक नेमका त्याच वेळी नाक वर ओढून वेग घालवत असतो. पट्टी हातची निसटताना दिसली की तो झुकाव वाढवतो, पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून नाक ओढायला बघतो. मग एक पंख आधी सोडतो आणि विमान त्या बाजूला उलटून गिरकी खात जमिनीत जातं. दोनशे-तीनशे फुटांवर त्यातून सावरायला जागा नसते. उडाल्यानंतर इंजिन गेल्याच्या अपघातांत माणसं मरतात ती बहुतांशी अशी. सरळ, पंख समतल ठेवून, हळू वेगात वावरात गेलेली बहुतेक माणसं चालत बाहेर येतात.

मागून येणाऱ्या वाऱ्याचाही विचार करा. उड्डाण वाऱ्याला तोंड देऊन होतं, म्हणजे परतताना तोच वारा पाठीशी येतो. परतीच्या ग्लाइडला त्याची मदत होते हे खरं. पण दहा नॉटचा वारा असेल तर समोरच्या वावरात जमिनीच्या हिशोबानं ५५ नॉटनं टेकणारं विमान मागच्या पट्टीवर ७५ नॉटनं टेकेल. वेगाचा वर्ग करायचा असतो, म्हणून धक्क्याची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते.

यातली विदर्भाची खास गोष्ट म्हणजे आपला उन्हाळा. मे महिन्यात नागपूरला पारा ४५ अंशांवर जातो. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून हजार-एक फुटांवर आहे, पण त्या तापलेल्या, विरळ हवेत विमान पाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. चिखलदरा सुमारे ३६७० फुटांवर आहे, म्हणजे मेमधल्या दुपारी सपाटीवरचं विमान चिखलदऱ्याच्याही वर उभं आहे असं समजा. साध्या पिस्टन इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. १८० अश्वशक्तीचं इंजिन दीडशेच्या आसपास येतं, पंख आणि पंखा दोघांनाही पातळ हवा मिळते. थंडीत मिनिटाला सातशे फूट चढणारं विमान तेव्हा चारशेच चढतं.

आता हे मागे वळण्याच्या हिशोबाशी जोडून बघा. मिनिटाला चारशे फूट चढताना ५०० फूट गाठायला सव्वा मिनिट लागतं आणि तेवढ्यात विमान पावणेतीन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. पण ५०० फुटांवरून ग्लाइड होतो सव्वा-दीड किलोमीटरच. ज्या उतारानं वर चढलो त्याच्या दुप्पट उतारानं खाली येतो आहोत, मग परत पोहोचणार कुठून? आणखी चढून फायदा नाही, कारण जितकं चढाल तितकं लांबही जाल. थंड हवेत, रिकामं विमान, लांब पट्टी, समोर दमदार वारा असं सगळं जुळलं तरच परतीचं गणित सुटतं. तुमच्या मनात येणारी "दोन किलोमीटरची पट्टी" अगदी निरुपयोगी नाही, तिचा फायदा वेगळ्या ठिकाणी होतो. गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी २३०० मीटर लांब आहे. लहान विमान तिच्या पहिल्या काही शे मीटरांतच हवेत जातं, त्यामुळे तेव्हा इंजिन गेलं तर पुढे उरलेल्या पट्टीवरच ते सरळ बसवता येतं. म्हणूनच वेळ वाचवायला पट्टीच्या मधूनच उड्डाण सुरू करायची सवय मला कधीच रुचली नाही. छोट्या जुन्या पट्ट्यांवर तर ही चैन मुळातच नसते, तिथे चाकं सुटली की पुढे वावरच.

इथवर मी "इंजिन बंद पडलं" असं म्हणत आलो, कारण लोक तेच विचारतात. पण मला खरी भीती बंद पडलेल्या इंजिनाची नाही, अर्धवट चालणाऱ्या इंजिनाची वाटते. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेनं २००० ते २०१० या काळातल्या एक-इंजिनी विमानांच्या नोंदी तपासल्या. उड्डाणानंतर ताकद अर्धवट गेल्याच्या २४२ घटना होत्या, त्यातल्या नऊ जीवघेण्या ठरल्या. इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५ घटना होत्या आणि त्यातल्या एकातही कोणी दगावलं नाही. हा आकडा मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो आणि दरवेळी पोरं आधी विश्वास ठेवत नाहीत.

त्याचं कारण माणसाच्या मनात आहे. पंखा थांबला की निर्णय आपोआप होतो: आता उतरायचंच. पण इंजिन खोकत, धडधडत का होईना चालू असेल, मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा २३०० वरून १८०० वर आला असेल, तर आशा सुटत नाही. "थोडं रेटू, पट्टीपर्यंत पोहोचू." विमान उंची जेमतेम राखतं, म्हणून वैमानिक वळायला घेतो. वळणात जास्त ताकद लागते, ती नसते, वेग घटतो. उंची जाऊ नये म्हणून तो नाक वर ओढतो, आणि नेमका त्याच वेळी इंजिन उरलेली ताकदही सोडतं. शेवट वर सांगितल्यासारखाच होतो, फक्त तोवर चांगली वावरं मागे पडलेली असतात.

म्हणून अर्धवट ताकदीसाठी माझा नियम कडक आहे. उरलेली ताकद बक्षीस समजायची, तिच्यावर भिस्त ठेवायची नाही. आधी नाक खाली करून ग्लाइडचा वेग सांभाळायचा. पंख समतल असताना विमान उंची राखतंय का ते बघायचं. राखत नसेल तर इंजिन बंदच आहे असं धरून समोरचं वावर निवडायचं. राखत असेल तर हळू चढत, अगदी उथळ वळणं घेत, आणि प्रत्येक क्षणी "आत्ता पूर्ण गेलं तर कुठे?" याचं उत्तर नजरेत ठेवूनच पुढे जायचं. शिकाऊ वैमानिकानं हजार फुटांच्या खाली पट्टीकडे परतायचा विषयच काढू नये असं माझं मत आहे. काही अनुभवी मित्र यावर माझ्याशी भांडतात. त्यांच्या हातात ते वळण बसलेलं आहे, त्यांनी वर तीन-चार हजार फुटांवर जाऊन त्यात किती उंची जाते ते मोजलेलं आहे. त्यांनी खुशाल वाद घालावा.

आता वावराचं बोलू, कारण इथे तुम्ही माझ्याहून जाणकार आहात. वरून हिरवं दिसणारं सगळं सारखं नसतं. पावसाळ्यात रोवणी झालेली बांधी वरून गालिच्यासारखी सपाट दिसते, पण खाली पाणी, गुडघाभर चिखल आणि दर काही पावलांवर धुरा, म्हणजे बांध. पुढचं चाक रुतलं की विमान उलटं होऊ शकतं. तरी हळू वेगात, पट्टे घट्ट बांधलेले असताना उलटलेल्या विमानातून माणूस सहसा वाचतो. फक्त पट्टा सोडण्याआधी एक हात छताला टेकवायचा, नाहीतर डोक्यावर आपटतो. कापणी झाल्यावरची कोरडी बांधी त्यामानानं चांगली, पण कापलेल्या धानाचे पुंजणे कुठे रचलेत ते बघावं लागतं, आणि धुऱ्याला आडवं जाण्यापेक्षा एकाच लांब बांधीत बसवलेलं बरं. उन्हाळी नांगरट झालेल्या वावरात ढेकळं आणि भेगा असतात, तिथे नांगराच्या तासाच्या दिशेनं उतरायचं, आडवं नाही. वऱ्हाडाकडे कापलेलं सोयाबीनचं वावर मला सगळ्यांत आवडतं. उभी तूर आणि पऱ्हाटी (कपाशी) फसवतात. शेंड्यांचा पृष्ठभाग जमीन धरून तिथेच विमान हळूहळू बसवायचं, जमीन त्याखाली चार-पाच फूट आहे हे विसरायचं नाही. वरुड-मोर्शीचे संत्र्याचे बगीचे टाळलेलेच बरे.

झाडांपेक्षा मला तारांची धास्ती जास्त. हवेतून तार दिसतच नाही, खांब दिसतात. म्हणून पोरांना सांगतो, तार शोधू नका, खांबांची रांग शोधा. वावरात एकटं झाड आणि शेजारी टिनाची खोली दिसली तर तिथे बहुतेक विहीर किंवा बोअर असणार, आणि मोटार असेल तर विजेची तारही तिथवर आलेली असणार. रानडुकरांसाठी लावलेलं झटक्याचं कुंपण तर अगदी जवळ गेल्यावरच कळतं. काठ नसलेली जुनी विहीर गवतात लपलेली असते. हे सगळं शहरात वाढलेल्या शिकाऊ पोराला माहीत नसतं. तुमची मुलगी घरी आली की तिला शिवारात फिरवा आणि कोणत्या महिन्यात कोणत्या वावरात ट्रॅक्टर रुतत नाही ते विचारून घ्या. तिला जे येतं ते आमच्या कोणत्याही पुस्तकात नाही.

रस्ता दिसला की प्रत्येकाला मोह होतो. रस्त्याच्या कडेला तारा असतात, झाडं असतात, ट्रॅक्टर-ट्रॉली असते. समृद्धी महामार्ग वरून धावपट्टीसारखा भासतो, पण त्यावर ताशी १२० किलोमीटरनं गाड्या धावतात, मध्ये दुभाजक आणि वर पूल आहेत. त्यांच्यात उतरून दुसऱ्यांचे जीव धोक्यात घालण्यापेक्षा शेजारचं वावर बरं. आणि वस्तीकडे जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. बातम्यांत दरवेळी "वैमानिकानं प्रसंगावधान राखून गाव वाचवलं" असं छापून येतं. खरं तर वस्ती टाळण्यात त्याचाही स्वार्थ असतो, घराची भिंत कोणालाच मऊ लागत नाही.

वावरात माणूस वाचतो का, याचं उत्तर थांबायला किती अंतर मिळतं यात आहे. ताशी ८० किलोमीटरनं टेकलेलं विमान सलग तीन मीटरात थांबलं तर आतल्या माणसाला सुमारे साडेआठ जीचा धक्का बसतो, म्हणजे वजनाच्या साडेआठ पट. खांद्यावरचा पट्टा नीट बांधलेला माणूस तो सोसतो. तीन मीटर म्हणजे एका खोलीची रुंदी. धुरा, चिखल, पऱ्हाटी, मोडलेला पंख, सगळे मिळून तेवढं अंतर सहज देतात. पण तेच विमान ताशी १६० नं गेलं तर चौपट अंतर लागतं. म्हणून वाऱ्याला तोंड करून, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) खाली घालून, जमेल तितक्या कमी वेगात, पण स्टॉल न होता टेकायचं. विमानाचं काही मोडलं तर मोडू द्यायचं, त्याचा विमा असतो. आणि टेकण्याआधी जमेल तेवढं आवरायचं: इंधन बंद, इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो बंद, विजेचा मुख्य स्विच बंद, दार थोडं उघडं ठेवायचं, म्हणजे चौकट वाकली तरी अडकत नाही. वेळ नसेल तर हे सगळं सोडा, विमान उडवत राहा.

ताकद जाते कशानं, हेही तुम्ही विचारलं असतंत. यांत्रिक बिघाड असतो, वाल्व अडकतो, मॅग्नेटो जातो. पण बरीच कारणं इंधनाशी जोडलेली असतात. पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं आणि ते खालीच बसतं, म्हणून उडण्याआधी प्रत्येक टाकीतून नमुना काढून बघायचा. अ‍ॅव्हगॅस १००एलएल, म्हणजे लहान विमानांचं पेट्रोल, निळसर असतं. नमुना रंगहीन दिसला तर सगळा नमुनाच पाणी असू शकतो, किंवा चुकून दुसरं इंधन भरलं गेलं असेल. टाकी निवडायची मूठ चुकीच्या जागी राहते; काही विमानांत "दोन्ही" असा पर्याय असतो, काहींत डावी किंवा उजवीच, म्हणून एका विमानाची सवय दुसऱ्यात घात करते. टाकीची हवा घेणारी बारीक नळी कुंभारमाशी मातीनं बुजवते. रात्रभर बाहेर उभ्या विमानात हे आपल्याकडे होतंच. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोल वाफ होताना आतलं तापमान वीस अंश किंवा त्याहून जास्त उतरतं, त्यामुळे बाहेर पंचवीस अंश आणि ढगाळ, दमट हवा असतानाही आत बर्फ धरतो. विदर्भात बर्फ म्हटलं की लोक हसतात, पण ऑगस्टमध्ये रांगेत इंजिन मंद चालवत थांबलेल्या विमानाला ते होऊ शकतं. इंजेक्शनच्या इंजिनात हा त्रास नाही.

मुलीला एक विचारून बघा: प्रत्येक उड्डाणाआधी, पट्टीवर उभी असताना, ती मोठ्यानं काय म्हणते? ती साधारण असं म्हणत असेल तर निश्चिंत राहा: "पट्टी उरली असेल तर सरळ बसवणार, थांबणार. पट्टी संपली असेल तर नाक खाली, समोर डावी-उजवी तीस अंशांत वावर. ठरलेल्या उंचीच्या खाली मागे वळणार नाही. वारा डावीकडून आहे, तिकडचं वावर चांगलं." हे वीस सेकंदांचं बोलणं आहे. निर्णय जमिनीवर, शांत डोक्यानं घेऊन ठेवलेला असतो, वर गेल्यावर फक्त अमलात आणायचा. ते चार सेकंदही त्यामुळे कमी होतात. उंचीचा आकडा प्रत्येक शाळेचा आणि विमानाचा वेगळा असतो. तिच्या प्रशिक्षकानं ठरवून दिलेलाच आकडा धरा, माझा नाही.

राहिलं गावाचं काम. विमान शिवारात उतरलं तर ११२ ला फोन करा, जखमी असतील तर १०८. कोणत्या वावरात, कोणत्या पांदणीनं गाडी पोहोचेल, हे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण रुग्णवाहिका धानाच्या बांधीत येत नाही. एक जण डांबरी रस्त्यावर उभा करा. आतला माणूस शुद्धीवर असेल तर तो सांगेल ते ऐका. धूर, आग किंवा पेट्रोलचा वास नसेल तर त्याला ओढून काढायची घाई नको, मणक्याला इजा असू शकते. आग दिसली तर मात्र आधी माणूस, मग बाकीचं. बिडी, माचिस घेऊन जत्रा जवळ येऊ देऊ नका. पंख वेगळे मोडून पडले असले तरी त्यांच्यातल्या टाक्यांत इंधन असतं. पुढच्या पंख्याला हात लावायचा नाही: मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, बंद विमानाचाही पंखा हलवला तर इंजिन फिरू शकतं. काही नव्या छोट्या विमानांत रॉकेटनं सुटणारं पॅराशूट असतं. तशी सूचना विमानाच्या अंगावर लिहिलेली असते, ती वाचा आणि त्या बाजूला जाऊच नका.

फोटो काढा, पण तुकडे उचलू नका. माणसं बाहेर काढणं आणि आग विझवणं एवढ्याला मुभा आहे. बाकी अवशेष जागच्या जागी राहायला हवेत, कारण विमान अपघात अन्वेषण ब्यूरोच्या तपासाला इंधनाच्या मुठीची जागा, पंख्याच्या पात्यांचा वाक, अगदी चाकाची तासावरची खूण सांगते की इंजिन शेवटी चालू होतं का. तपास अधिकाऱ्यांनी जागा मोकळी केल्याशिवाय वावरात नांगर घालू नका, आणि तोवर तलाठ्याकडून पिकाच्या नुकसानीचा पंचनामा करून घ्या. इंधन सांडलं असेल तर ती जागा दाखवून पंचनाम्यात नोंदवा. १००एलएलमध्ये शिसं असतं, म्हणून भिजलेली माती काढून घेतल्यावरच तिथे पेरणी करा.